पाचवा रकाना

गेल्या महिन्यात शनिवार पेठेतल्या एका प्रकाशन संस्थेच्या संपादक बाई आमच्याकडे आल्या होत्या. बाई म्हणजे तिशीतली मुलगीच, पण खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि कपाळाला आठ्या होत्या, म्हणून मी अहो-जाहो केलं. मी सोसायटीचा माजी सेक्रेटरी, त्यामुळे वॉचमनने त्यांना सरळ माझ्याकडे पाठवलं होतं.

"काका, अ‍ॅक्च्युअली आम्ही सरांची सगळी पुस्तकं नव्याने काढतोय. ते इथे बारा-तेरा वर्षं राहिले ना? त्या काळात काही लिहिलं होतं का त्यांनी? डायरी, पत्रं, एनीथिंग."

"छे हो," मी म्हणालो. "लिहिणं-बिहिणं सगळं सोडूनच आले होते ते. आमच्याकडे फक्त तक्रारी लिहायचे." आणि मी हसलो.

स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, तो थांबला. बायको दारात आली. "चार वह्या भरून लिहिल्या," ती म्हणाली.

"मग त्या वह्या कुठायत?"

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि ती आत गेली. मिक्सर काही परत सुरू झाला नाही.

त्या वह्या मी रद्दीत घातल्या होत्या. रीतसर, सर्वसाधारण सभेत ठराव करून, सूचक-अनुमोदकांच्या नावांनिशी. हे त्या मुलीला सांगताना माझी जीभ जड झाली. सत्तावीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाची जीभ सहसा जड होत नाही.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. शिवाय सोसायटीत त्यांना नावाने कोणी ओळखतही नव्हतं. बी विंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरचे अकरा नंबर, एवढीच त्यांची ओळख. त्यांनी तीन कादंबऱ्या लिहिल्यात, त्यांतली एक कॉलेजात शिकवतात, हे मला ते आल्यावर तीन वर्षांनी कळलं, तेही आमच्या मेहुण्याकडून. मेहुणा म्हणाला, "अरे, ते तुमच्या बिल्डिंगमध्ये राहतात?" मी म्हटलं, "राहतात, पण दिसत नाहीत."

दिसत नसत ते ठरवून. लोक वारज्याहून पुण्यात जायला धडपडत होते, तेव्हा हे गृहस्थ शनिवार पेठ सोडून वारज्याला आले. "पेठेत दर दहा पावलांवर कोणीतरी विचारतं, सध्या काय लिहिताय?" असं ते मला एकदा म्हणाले होते. "इथे हायवेवरचे ट्रक विचारत नाहीत." दिवसातून एकदा बाहेर पडायचे, ते दुपारी दीड वाजता. पुण्यात माणूस भेटू नये असं वाटत असेल तर याच्याइतकी सोयीची वेळ नाही. सगळी सोसायटी जेवून आडवी झालेली असायची आणि अकरा नंबर छत्री घेऊन टेकडीकडे निघालेले असायचे. छत्री बाराही महिने. ऊन, पाऊस आणि ओळखीचे लोक, तिघांसाठी एकच. समोरून कोणी आलं की ती त्या बाजूला कलायची.

बायकोने एकदा त्यांच्याकडे दिवाळीचा फराळ नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी डबा आमच्या दाराबाहेर, लख्ख घासलेला, आत चिठ्ठी: "चकली उत्तम. कृपया सवय लावू नये." बायकोने ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा डबा नेला.

त्यांच्या सत्काराची हकिगत अजून सोसायटीत सांगतात. कुठल्याशा मंडळाचे चार जण शाल, नारळ आणि हार घेऊन आले. वेळ घेतली नव्हती, कारण ते वेळ देतच नसत. यांनी आतलं दार उघडलं, जाळीचं उघडलं नाही.

"आपण आम्हाला सत्काराची संधी द्यावी," पुढारी म्हणाले.

"नारळ खाली ठेवा, मी घेईन. शाल परत न्या, वारज्यात एवढी थंडी नसते. भाषण केलंत तर ऐकतो."

आणि त्या माणसाने खरोखर भाषण केलं हो! तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, बंद जाळीसमोर, पंधरा मिनिटं. वरचे-खालचे सगळे कठड्याला टेकून ऐकत होते. मराठी कादंबरी, तिची दिशा, आपले योगदान, सगळं झालं. जाळीआडून आवाज आला, "संपलं? छान होतं. जाताना जिन्यातला दिवा बंद करा." मंडळाचे लोक बिचारे दिवा बंद करून गेले.

मला ही गोष्ट सांगायला फार आवडायचं. माणूस विक्षिप्त आहे एवढं एकदा ठरलं की मग त्याच्याकडे बघावं लागत नाही. गोष्ट सांगायची आणि मोकळं व्हायचं. मी तेच केलं.

आता माझ्याविषयी सांगणं भाग आहे, कारण गुन्ह्यात मीही आहे. मी नोकरीत आवक-जावक विभागात होतो. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, सात दिवसांत उत्तर गेलं की नाही ते बघायचं. कागदात काय लिहिलंय हे बघणं दुसऱ्या टेबलाचं काम. माझ्या टेबलावर एकही कागद कधी पडून राहिला नाही, याचा मला निवृत्तीच्या दिवशीही अभिमान होता. सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा पहिलं काम केलं ते तक्रारवहीचं. दुधाची पिशवी घेऊन जाताना लोक मला गाठायचे, पाणी आलं नाही, कचरा उचलला नाही. मी सूचना लावली: तोंडी तक्रार ऐकली जाणार नाही. वॉचमनच्या टेबलावर जाडजूड वही, तिला सुतळीने बांधलेलं पेन. पाच रकाने आखले. अनुक्रमांक, तारीख, सदनिका, तक्रारीचे स्वरूप, आणि पाचवा, केलेली कार्यवाही. पाचवा माझा. रोज सकाळी खाली उतरायचं, स्कूटरची सीट झटकायची, मग वही घेऊन पाचवा रकाना भरायचा, सही करायची. हा माझा नेम झाला.

अकरा नंबरची पहिली तक्रार गळतीची होती. मला ती पाठ आहे, कारण तेव्हा मी चिडलो होतो. "आमच्या न्हाणीघराच्या छतातून वरच्या मजल्यावरचे पाणी येते. त्याबरोबर वरच्या गृहस्थांचे गाणेही येते. परंतु अंतरा सुरू होण्याआधीच त्यांची आंघोळ संपते. पाणी थांबावे. गाणे पूर्ण व्हावे." मी पाचव्या रकान्यात लिहिलं, "प्लंबर पाठवून गळती बंद केली. गाण्याबाबत संबंधितांस समज दिली." वरचे पंधरा नंबर त्या दिवसापासून मुक्याने आंघोळ करू लागले. आठवड्याने नवीन तक्रार: "गाणे बंद झाले. मी पूर्ण व्हावे असे म्हटले होते." त्यापुढे मी काय लिहिलं? "नोंद घेतली."

पुढे या 'नोंद घेतली'चा मी शिक्काच करून घेतला. कारण आठवड्याला त्यांच्या दोन-तीन तक्रारी असायच्या आणि त्यांचं करायचं काय हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. कधीतरी एखादी बसायची. एकदा त्यांनी लिहिलं, "लिफ्टमध्ये दोन माणसे शिरली की दोघेही वरच्या आकड्यांकडे बघतात. बघितल्याने मजला लवकर येत नाही. लिफ्टमध्ये आरसा लावावा, म्हणजे निदान स्वतःकडे तरी बघतील." मला वाटलं, बरं झालं, काहीतरी करण्यासारखं आलं. मी आरसा बसवून घेतला, लिहिलं, "कार्यवाही पूर्ण." त्यावर त्यांनी लिहिलं, "आरशाबद्दल आभार. आता दोघेही केस विंचरतात." मी शिक्का मारला.

एकदा लिहिलं होतं, "सात नंबरच्या निळ्या स्कूटरवर रोज एक मांजर झोपते. स्कूटर विकल्याचे समजते. मांजराला कळवलेले नाही." शिक्का.

एकदा मात्र बायकोने माझ्या हातातून वही काढून घेतली. मी ती घरी आणली होती, रकाने आखायला. त्यात त्यांनी लिहिलं होतं: "समोरच्या विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या बाई रोज संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढतात. एक पुरुषाचा शर्ट सर्वांत शेवटी काढतात. तो गेले पाच महिने रोज धुतला जातो. घातलेला कोणी दिसत नाही. समितीपैकी कोणीतरी त्यांच्याकडे चहाला जावे." मी लिहिलेलं होतं, "समितीच्या कामकाजात बसत नाही."

बायकोने दोनदा वाचलं. म्हणाली, "अहो, ही तक्रार आहे का?"

"तक्रारवहीत आहे म्हणजे तक्रारच."

"त्यांचे मिस्टर मार्गशीर्षात गेले. आपण गेलो होतो ना भेटायला? एकदाच गेलो." ती वही मिटून उठली, चपला घातल्या आणि त्या बाईंकडे गेली. तास-दीड तासाने आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. पुढे दर गुरुवारी जाऊ लागली, अजून जाते. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. पाचव्या रकान्यात तसं लिहायला हवं होतं. पण समितीच्या कोणी गेलं नव्हतं, माझी बायको गेली होती, आणि बायको समितीवर नव्हती. माझं डोकं तेव्हा असंच चालायचं.

या सगळ्या वर्षांत त्यांच्या घरात मी एकदाच गेलो. वारसाचं नाव लिहिण्याचा फॉर्म सगळ्यांकडून भरून घ्यायचा होता. त्यांनी जाळी उघडली, याचंच मला नवल वाटलं. खोलीत टेबल, कॉट आणि एकच खुर्ची.

"बसा म्हणायची पद्धत आहे," ते म्हणाले, "पण खुर्ची एक आहे. तुम्ही बसा, मी उभा राहतो. मला बसून कंटाळा आलाय."

चहा केला. कपही एकच होता. तो मला दिला आणि स्वतः बशीतून प्यायले, खिडकीला टेकून. खिडकीतून आमचं पार्किंग, समोरची विंग, दोऱ्या, गॅलऱ्या सगळं दिसत होतं. फॉर्म वाचून विचारलं, "वारस म्हणजे कोण लिहायचा?"

"आपल्यानंतर सगळं ज्यांच्याकडे जावं असं वाटतं, ते."

"सगळं म्हणजे ही खुर्ची." त्यांनी वाघोलीला राहणाऱ्या पुतण्याचं नाव घातलं. मग फॉर्म माझ्या हातात देता देता म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही काय वाचता?"

"मी? पेपर वाचतो. आणि तुमच्या तक्रारी."

ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. पुढचे दोन दात किंचित पुढे आलेले होते आणि हसल्यावर ते तरुण दिसत. बशी खाली ठेवली. "कशा वाटतात?"

आता हा प्रश्न एवढ्या मोठ्या लेखकाने, ज्याने जिन्यातलं भाषण जाळीआडून ऐकलं, त्याने मला विचारला होता. आज मला त्या प्रश्नाची किंमत कळते. तेव्हा वाटलं, बोलायची संधी आहे, जरा स्पष्ट बोलावं. म्हणालो, "संख्येने जरा जास्त असतात. सबंध सोसायटीच्या मिळून जेवढ्या, तेवढ्या तुमच्या एकट्याच्या. पण अक्षर फार चांगलं आहे तुमचं."

"अक्षर," ते म्हणाले.

"हो. वाचायला त्रास होत नाही."

त्यांनी मान डोलावली आणि बशी उचलून मोरीकडे गेले. मी कप ठेवून निघालो. जाळी लावताना म्हणाले, "उत्तरं वेळेवर देता तुम्ही. हे फार कमी लोक करतात." मी खूश होऊन जिना उतरलो. घरी आल्याबरोबर बायकोला सांगितलं की, अकरा नंबरने माझं कौतुक केलं.

ती सभा झाली त्याला आता चार वर्षं होतील. सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची एक खोली, ती कागदांनी भरून गेली होती. उंदीर झाले होते. मी विषयपत्रिकेवर सातवा विषय घातला: जुनी दप्तरे, पावतीपुस्तके व तक्रारवह्या निकाली काढणे. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, वडे येणार होते, त्यामुळे उपस्थिती बरी होती. आणि पाचवा विषय चालू असताना जिन्यातून अकरा नंबर उतरले. हातात छत्री. सभेला ते आयुष्यात पहिल्यांदा आले होते. लोकांनी माना वळवून बघितलं, कोणीतरी "वड्यांची बातमी गेली वाटतं वर" असं कुजबुजलं आणि आम्ही तीन-चार जण हसलो. ते मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले.

सातवा विषय मी वाचला. "कोणाची हरकत?" असं विचारायची पद्धत असते, कोणी हात वर करत नाही. त्यांनी केला. पूर्ण वर नाही, छातीपर्यंत.

"अकरा नंबर, आपली हरकत आहे का?"

ते उभे राहिले. एवढ्या माणसांत त्यांना उभं राहायची सवय राहिली नव्हती. खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले, "आपण ते सगळं वाचलेलं आहे ना?"

मी छाती काढून म्हणालो, "एकूण एक! प्रत्येक नोंदीपुढे माझी सही आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. खरं-खोटं करत नव्हते ते. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायचं ठरवत होते, असं मला आता वाटतं. मग म्हणाले, "मग हरकत नाही." खाली बसले. ठराव एकमताने मंजूर झाला. वडे यायच्या आत ते वर निघून गेले.

रविवारी रद्दीवाला आला. त्या चार वह्या मी स्वतः गठ्ठ्यावर ठेवल्या. पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात 'तक्रार नोंदवही' लिहिलेलं होतं, एक ते चार. एकदाही आतलं पान उलटावंसं वाटलं नाही. वाचलेलंच होतं ना सगळं.

सोमवारी नवी कोरी वही टेबलावर ठेवली. आठ-दहा दिवसांनी तिच्या पहिल्या पानावर, अनुक्रमांक एकला, त्यांची नोंद होती. तक्रार नव्हती, विचारणा होती. "मागील एका वहीत निळ्या स्कूटरवर झोपणाऱ्या मांजराविषयी लिहिले होते. पुढे त्या मांजराचे काय झाले, आपणांस आठवत असल्यास कळवावे."

मी पाचव्या रकान्यात लिहिलं, "मागील दप्तर निकाली काढले असल्याने माहिती देता येत नाही." खाली सही, तारीख.

त्यानंतर त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. मला आधी कळलंच नाही. दोनेक महिन्यांनी लक्षात आलं की, सकाळचं माझं काम पाच मिनिटांवर आलंय. मला बरं वाटलं. पुढच्या सभेत मी अहवाल वाचला, त्यात अभिमानाने वाचलं की, यंदा बी विंगच्या तक्रारी जवळजवळ निरंक आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत सहज जातो. खिडकी त्यांची उघडीच असायची.

त्या पावसाळ्यानंतर एक दिवस दीड वाजता ते खाली उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. वॉचमनच वर गेला, त्यानेच आम्हाला बोलावलं. खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते, खिडकीशी. पुतण्या वाघोलीहून टेम्पो घेऊन आला. भला माणूस, पण काकांना त्याने दोनदाच बघितलेलं. एका दिवसात खोली रिकामी झाली. त्याने मला विचारलं, "काही कागदपत्रं वगैरे होती का हो त्यांची? कपाटात तर काहीच नाही." मी फॉर्म दाखवला आणि सांगितलं की, सोसायटीच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे.

संपादक बाई येऊन गेल्या त्या संध्याकाळी मी खाली वॉचमनपाशी जाऊन बसलो. तो यवतमाळकडचा, पंधरा वर्षं आमच्याकडे आहे. म्हटलं, "तुला आठवतं का रे, अकरा नंबर वहीत लिहायचे ते?"

"हाव साहेब, आठवते ना. खिशातून कागद काढत जाये, अन् पाहू पाहू वहीत उतरवत जाये. एकही खोडाखोड नाही. मंग तो कागद फाडे अन् थ्या कचराकुंडीत टाके."

म्हणजे वर बसून आधी लिहीत होते. दोन ओळी असोत की दहा, कच्चं लिहायचं, खोडायचं, पक्कं करायचं आणि मग खाली येऊन आमच्या वहीत उतरवायचं. कच्चं ठेवतही नव्हते. एकच प्रत, तीही सुतळीच्या पेनाने.

"अन् आल्याबरोबर मले इचारत, साहेबाची सही झाली का? झाली म्हटलं का तुमी लिवलेलं वाचत. कधी हासत, कधी चूप राहत."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुमाले काय सांगाचं साहेब? मले वाटलं, तुमचं दोघांचं काही चालू हाय लिहिण्याचं."

मी उठलो. माझ्या मागे टेबलावर ती वही होती, तीच, मांजराच्या विचारणेची, अजून अर्धीही भरलेली नाही. आजकाल लोक मोबाइलवरच्या ग्रुपवर तक्रारी टाकतात, वही नावाला आहे.

मी त्या रात्री आणि नंतर कितीतरी दिवस त्यांच्या तक्रारी आठवून कागदावर उतरवायचा प्रयत्न केला. बारा वर्षांच्या. आठवल्या नऊ. बायकोला पाच आठवल्या, त्यातल्या तीन माझ्याकडे नव्हत्या, म्हणजे बारा. आणि पहिली सोडली तर शब्द तेच आहेत याची खात्री दोघांनाही नाही. माझी उत्तरं मात्र मला सगळी आठवतात, कारण ती बहुतेक एकच होती. जगाला कंटाळून दार लावून बसलेल्या त्या माणसाने लिहिणं सोडलं नव्हतं. वाचकही सोडला नव्हता. भरल्या पुण्यातून एक वाचक त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता, आणि तो मी होतो. मला फार वाईट वाटतं. याहून वेगळ्या शब्दांत सांगता येत नाही.

परवा बाई पुन्हा आल्या. मी फोन करून बोलावलं होतं. बायको म्हणाली होती, "नव्या वहीचं ते पहिलं पान दाखवा त्यांना. लाज वाटते म्हणून लपवू नका. आधीच पुष्कळ घालवलंय." मी खालून वही आणून त्यांच्यासमोर पहिलं पान उघडलं. बाईंनी अकरा नंबरचं अक्षर बघितलं आणि एकदम ताठ बसल्या. नोंद वाचली. मग पाचवा रकाना वाचला.

"काका, हे छापायचं तर पूर्ण पानच छापावं लागेल. शेजारचं उत्तरसुद्धा. चालेल?"

"सहीसकट छापा," मी म्हटलं.

त्यांनी मोबाइलवर चार-पाच फोटो काढले, ते नऊ आणि तीन तक्रारींचे कागद बॅगेत ठेवले. बायकोने चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर बॅग खांद्याला लावता लावता त्यांनी अगदी सहज विचारलं, "पण मग काय झालं हो त्या मांजराचं?"

"माझ्या स्कूटरवर यायला लागलं ना झोपायला," मी म्हणालो. "सात नंबरची स्कूटर गेली त्याच आठवड्यापासून. पाठीवर काळा डाग होता त्याच्या. चांगली पाच-सहा वर्षं येत होतं. रोज सकाळी सीटवरचे केस मीच झटकायचो."

हे सांगायला मला कुठलंही दप्तर बघावं लागलं नाही.